आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या खोऱ्यात वसलेले देवळांचे गाव. बारा वर्षांतून एकदा येथील महामहम तलावावर स्नानाचा मोठा मेळा भरतो. २०१६ साली तो भरला होता; यानंतरचा योग २०२८ सालचा. पण या गावी येणाऱ्यांना बारा वर्षे वाट पाहण्याचे कारण नसते. गावाच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळे विखुरलेली आहेत. सूर्यनार कोविल, तिंगळूर, वैथीश्वरन कोविल, आलंगुडी अशी एकेक करत ही यात्रा कारैकलजवळच्या तिरुनळ्ळारपर्यंत जाते. महाराष्ट्रातूनही भाविक येथे येतात. आठ-नऊ माणसांचे कुटुंब एकाच गाडीत बसावे म्हणून भाड्याची मोठी गाडी ठरवतात आणि पहाटे निघून रात्री परततात.

अशा गाड्यांत वय झालेल्या गाड्या पुष्कळ असतात. १९९४ साली पुण्याच्या कारखान्यातून सुमो बाजारात आली आणि खेड्यापाड्यांतील भाड्याच्या वाहतुकीचे रूपच पालटले. सुमंत मुळगावकर या कर्तबगार उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे त्या गाडीला मिळाली आहेत. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी या जातीच्या, दणकट सांगाड्याच्या जुन्या गाड्या अनेक घरांची चूल आजही पेटती ठेवतात. ज्याची सारी मिळकत एका गाडीवर उभी आहे, त्याच्या दृष्टीने गाडीचे आजारपण घरातील कर्त्या माणसाच्या आजारपणाहून फारसे वेगळे नसते. गाडी चार दिवस गॅरेजात राहिली की चार दिवसांचे भाडे बुडते. आणि निदान चुकले तर दुरुस्तीचे पैसे जातात ते वेगळेच.

म्हणूनच मेकॅनिकची खरी परीक्षा पाना फिरवण्यात नसते, दुखण्याचे मूळ शोधण्यात असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही आपली म्हण जणू जुन्या गाड्यांसाठीच जन्मली असावी. दुखणे दिसते एकीकडे आणि मूळ असते भलतीकडे.

एक उदाहरण घेऊ. चालक तक्रार घेऊन येतो, की रिव्हर्स गिअर टाकला रे टाकला की समोरचे सारे काटे आडवे पडतात आणि इंडिकेटरही बंद होतात. त्याचा तर्क सरळ असतो: गिअरमुळे घडते, म्हणून दोष गिअरबॉक्समध्ये. उतावळा कारागीर लगेच गिअरबॉक्स खाली उतरवायला घेईल. जाणता कारागीर मात्र आधी फ्यूज पाहतो. तो जळालेला असतो. नवा फ्यूज बसवून, इंजिन बंद ठेवून, नुसती चावी फिरवून तो रिव्हर्स टाकतो. फ्यूज पुन्हा उडतो. आता विचार करावा: इंजिन बंद आहे, गिअरबॉक्समधील एकही दात फिरत नाही, तरी दोष हजर आहे. तेव्हा फिरणाऱ्या भागांवरचा आरोप येथेच गळून पडतो.

मग उरते काय? गिअरबॉक्सच्या अंगावर एक लहानसा स्विच बसवलेला असतो. रिव्हर्स पडताच तो जुळतो आणि गाडीमागचा पांढरा दिवा लावतो. कारागीर त्या स्विचची जोडणी सोडवून पुन्हा रिव्हर्स टाकतो. या वेळी फ्यूज शाबूत राहतो. म्हणजे दोष स्विचपासून दिव्यापर्यंतच्या वाटेत आहे. मग तो जोडणी परत लावतो, फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडतो आणि रिव्हर्स टाकलेलाच ठेवून तारांचा जुडगा हाताने हलवत मागे मागे जातो. बल्ब लखलखीत पेटलेला असतो. ज्या जागी तार हलवताच तो मंदावतो, तीच दुखरी जागा. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तारेवरचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून गेलेले असते आणि उघडी तांब्याची तार सांगाड्याला टेकलेली असते. दुरुस्ती असते वीतभर तारेची. मात्र त्या वीतभर तारेपर्यंत पोहोचायला प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारावा लागला आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे पाऊल टाकता आले नाही.

विजेच्या दोषांत आणखी एक फसवणूक असते. अनेक तक्रारी एकदम उद्भवतात: सेल्फ सावकाश फिरतो, दिवे मिणमिणतात, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा लुकलुकतो. माणसाला वाटते, गाडी चहूबाजूंनी खिळखिळी झाली. वास्तविक अशा वेळी कारण बहुधा एकच असते. गाडीतील वीज तारेने जाते आणि सांगाड्यावाटे बॅटरीकडे परतते. परतीची ही वाट, म्हणजे अर्थिंग, गंजली की सगळ्यांनाच त्रास होतो. इतकेच नव्हे, तर इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी पट्टी तुटली तर सेल्फचा प्रचंड प्रवाह क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जाम होते. मग तक्रार येते क्लच जड झाल्याची! केबल बदलली तर नवीही जळते.

अशा ठिकाणी मल्टिमीटर हे नाडीपरीक्षेचे साधन ठरते. पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ असावा, तो वाढतच नसेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि जोडण्या यांच्याकडे पाहावे. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचे अंग यांच्यामध्ये मोजल्यास अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसू नये. दिसला तर अर्थिंग बिघडले, असे समजावे. नऊ देवळांची यात्रा म्हणजे दिवसात निदान नऊ वेळा इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि ओलाव्याने तारांच्या टोकांवर हिरवट पूड साचते. नव्या बॅटरीचा खर्च करण्यापूर्वी ती टोके घासून घट्ट करणे हा पुष्कळदा पुरेसा उपाय असतो.

अर्थात गिअरबॉक्स नेहमीच निर्दोष असतो असे नाही. तेथे कान हे मुख्य साधन. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घुमणारा आवाज क्लच दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचच्या बेअरिंगवर. इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात आणि सुरू असताना करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाही. इंजिन जोरात फिरते पण गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. निघताना खालून ‘टक्’ असा ठोका आला, तर मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा क्रॉस तपासावा. गिअरबॉक्सचे तेल काढून बोटांवर घ्यावे. त्यात पिवळी चकाकी असेल तर बहुधा गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या झिजल्या आहेत. कुंभकोणम हे पितळेच्या समया आणि भांड्यांचे गाव. जवळच्या स्वामीमलैत मेणाच्या साच्यावरून देवांच्या मूर्ती ओततात. पितळेची झाक ओळखायला येथील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र कानाने दिलेला कौल हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले आणि येथल्याच टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. त्यांना गणिताची सूत्रे जणू दिसत असत. पण १९१४ साली केंब्रिजला गेल्यावर प्राध्यापक हार्डी यांनी त्यांच्याकडे सिद्धतेचा आग्रह धरला. प्रतिभा आणि पुरावा यांची ती भेट होती. कारागिरीतही दोन्ही लागतात. अंदाज वाट दाखवतो आणि कसोटी ती वाट खरी की खोटी ते ठरवते.

तिसरी गोष्ट नोंदीची. येथून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावर आहे. तेथील मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालवली. त्या काळातील नेत्ररुग्णांच्या तक्रारी, उपचार आणि डोळ्यांची चित्रे नोंदवलेले कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. रुग्णाचा डोळा असो वा गाडीचा दिवा, आज काय दिसले आणि काय केले हे लिहून ठेवले तर उद्याचे निदान सोपे होते. साध्या वहीतील चार ओळी पुढच्या दुरुस्तीत दोन दिवस वाचवतात.

या साऱ्यात एक नैतिक कसोटीही दडलेली आहे. चालकाला गाडीच्या पोटातले दिसत नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगितले तर त्याला ते मानावेच लागते. ज्याला अधिक कळते त्याच्यावर ज्याला कमी कळते त्याने टाकलेला हा भरवसा असतो. वीतभर तार जोडून, तेवढ्याचेच पैसे घेऊन गाडी परत देणारा कारागीर त्या दिवशी थोडे कमी कमावतो; परंतु नाक्यावरचे इतर चालक आपली गाडी त्याच्याकडेच आणतात. अशा कारागिरांपैकी अनेकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली असते. तरीही दिसेल ते नीट पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम तपासणे आणि पुराव्याशिवाय कोणालाही दोषी न ठरवणे ही शास्त्राची शिस्त त्यांच्या हातांत मुरलेली असते. यंत्राच्या बाबतीत जो न्याय ते पाळतात, तो माणसांच्या बाबतीत पाळणे आपल्याला अवघड का जावे?