वाचायचे पैसे नाहीत

ज्यांचं मी देणं लागते ते मुळात रेडिओ दुरुस्त करायचे. रत्नागिरीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना मेस्त्री म्हणायचं. रेडिओ मागे पडले, टीव्ही आले, आणि नव्वदीच्या मध्यावर छापखान्यांत, बँकांत, सीएंच्या ऑफिसांत कॉम्प्युटर दिसायला लागले तसे मेस्त्री तेही उघडून बसायला लागले. शिक्षण दहावी. इंग्रजी बेताचं. पण पडद्यावर उमटलेली ओळ ते ज्या सबुरीने वाचायचे, ती सबुरी मी नंतर भल्याभल्या इंजिनिअरांतही क्वचितच पाहिली.

मी तेव्हा एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, आणि गणपती गावाला गेले की दिवाळी अंक. मशीन हँग झालं की काय करायचं याची आमच्याकडे एक रीतच होती. चौकट आली रे आली की डोळे तिथे पोचायच्या आत बोट एंटरवर. एंटरने भागलं नाही तर भिंतीवरचं बटण बंद. मग मेस्त्रींना निरोप.

मेस्त्री आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "काय म्हणाला?"

"एरर आला."

"आला म्हणूनच बोलावलंत ना. पण म्हणाला काय?"

ते कुणालाच सांगता यायचं नाही. मग ते चहा घ्यायचे आणि चक्क परत जायचे. मालकांचा जळफळाट व्हायचा. एकदा असेच उठताना त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. "बाय, तू बसतेस ना हिच्यासमोर? मग पंचनामा तू करायचा. तारीख, कुठलं काम चाललं होतं, पडद्यावर काय आलं ते अक्षरन् अक्षर. आकडे पण. आकडे आधी."

माझं पुढचं सगळं पोट त्या वहीवर चाललं आहे. मी सॉफ्टवेअर तपासायच्या धंद्यात आले आणि तिथेच मुरले. या धंद्यात दिवसभर दुसरं काय असतं? काय करत असताना काय झालं, हे कुणालाही पुन्हा घडवून दाखवता येईल इतकं नेमकं लिहायचं.

वहीची पहिली पानं डॉसच्या मशीनची आहेत. विंडोजचं नवं मशीन आलं तरी हिशेब आणि जुन्या फाइली त्या डब्यातच होत्या. डॉस तिरसट होता. चुकीचं काही टाइप केलं तर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम', एवढं तोडून मोकळा. पण फ्लॉपीच्या बाबतीत तो किती बारीक बोलायचा ते मेस्त्रींनी दाखवलं तेव्हा कळलं. 'नॉट रेडी' म्हणजे फ्लॉपी नीट बसली नाही किंवा आत नाहीच. 'जनरल फेल्युअर' म्हणजे फ्लॉपी आहे, पण तिच्यावरची आखणीच ओळखता येत नाही, बहुधा फॉरमॅट केलेली नाही. 'डेटा एरर' म्हणजे आखणी ठीक आहे, त्या जागेपर्यंत पोचलोही, पण तिथलं वाचलेलं जुळत नाही. आम्ही या तिन्हींना एकच समजून फ्लॉपी टाकून द्यायचो. कोकणातल्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी येते. ती डेटा एररमध्ये दिसते, आणि अशी फ्लॉपी तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही वाचेनाशा होतात. तेव्हा एका फ्लॉपीला डेटा एरर आला तर फ्लॉपी बघायची, लागोपाठ वेगवेगळ्या फ्लॉप्यांना आला तर हेड पुसायचं. असं पुसून मेस्त्रींनी आमचे किती ड्राइव्ह वाचवले असतील. नवा ड्राइव्ह विकला असता तर त्यांना चार पैसे सुटले असते.

त्या चुकीखाली डॉस विचारायचा: 'अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर'. पुढच्या आवृत्त्यांत 'फेल' आलं. इग्नोर आणि फेल या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते मी पुढे पुण्यात नोकरीत शिकले. इग्नोर म्हटलं की वाचणं फसलेलं असूनही प्रोग्रामला वाटायचं, सगळं सुरळीत वाचून झालं, आणि तो हाती आलेला कचरा खरा मानून पुढे चालायचा. फेल म्हटलं की प्रोग्रामला निदान कळायचं, हे वाचता आलेलं नाही. मेस्त्रींना यातलं आतलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी छापखान्यात सक्त ताकीद दिली होती, हिशेबाच्या फ्लॉपीवर इग्नोर दाबायचं नाही. "गप्प बसवलंस की तो खोटं बोलायला लागतो," म्हणायचे.

विंडोजची भाषा वेगळी होती, जरा साहेबी. १९९० च्या ३.० मध्ये प्रोग्राम कोसळला की 'अनरिकव्हरेबल ॲप्लिकेशन एरर' यायचा. १९९२ च्या ३.१ मध्ये त्या जागी 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' आला. हे नाव विंडोजचं नव्हे, इंटेलचं. १९८२ च्या ८०२८६ पासून प्रोसेसरमध्येच अशी सोय होती की एखाद्या प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात घातला तर प्रोसेसरने काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला वर्दी द्यायची. अशा वर्द्यांना क्रमांक असतात आणि ही तेरावी. मग विंडोज ९५ आलं, २४ ऑगस्ट १९९५ ला, आणि चौकटीत बेकायदा कृत्याची भाषा आली. त्या चौकटीत 'डीटेल्स' नावाचं एक बटण होतं. मेस्त्री येईपर्यंत छापखान्यात ते कुणी दाबल्याचं मला आठवत नाही. दाबलं की खाली कुठल्या मॉड्युलमध्ये, कुठल्या पत्त्यावर प्रकरण घडलं ते उलगडायचं. मेस्त्री म्हणायचे, वरचं वाक्य गिऱ्हाइकासाठी, खालचं आपल्यासाठी.

आता निळ्या पडद्याकडे येते.

एका वर्षी दिवाळी अंकाचं काम ऐन रंगात होतं. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन, छापखान्याच्या माळ्यावर पत्र्याखाली आमची खोली. दुपार झाली की नवं मशीन निळं व्हायचं. 'फेटल एक्सेप्शन ०ई', पुढे पत्ता ००२८ आणि त्याला जोडून आठ आकडी-अक्षरी शेपूट, पुढे एखाद्या व्हीएक्सडीचं नाव. व्हीएक्सडी म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करणारा ड्रायव्हर. ०ई म्हणजे चौदावी वर्दी, मेमरीचं जे पान मागितलं ते मिळालं नाही. ००२८ ही गाभ्याचीच खूण, म्हणजे साधा प्रोग्राम नव्हे तर खुद्द व्यवस्था अडखळली. हे सगळं पुढे कळलं. तेव्हा मी फक्त उतरवून घेत होते. संपादक खाली ओट्यावर बसून होते, जाहिरातदारांची पानं अडली होती, मालक कपाळाला हात लावून होते, आणि मी निळ्या पडद्यावरून आकडे वहीत लिहीत होते. मालक मला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मशीन विकणाऱ्याने फोनवरून सल्ला दिला, फॉरमॅट मारा आणि विंडोज पुन्हा टाका. त्या काळात प्रत्येक दुखण्यावर हेच औषध होतं. मेस्त्री आले, त्यांनी वही मागितली. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. पानावर बोट फिरवत खालपासून वर गेले, वरून खाली आले.

"एकदाही दोन पत्ते सारखे नाहीत. नावं पण वेगवेगळी," म्हणाले. "ड्रायव्हर बिघडला असता तर त्याच दारात पुन्हा पुन्हा पडला असता. हा जिथे जाईल तिथे पडतोय. विंडोजचं काही नाही. पट्टी गेली आहे."

पट्टी म्हणजे रॅम. मशीन पेंटियम होतं. पेंटियम एका वेळी ६४ बिट उचलतो आणि तेव्हाच्या ७२ पिनांच्या पट्ट्या ३२ बिटांच्या, म्हणून त्या जोडीनेच लावाव्या लागत. आमच्याकडे दोन जोड्या होत्या. मेस्त्रींनी एक काढून ठेवली आणि दुपारभर काम करायला सांगितलं. मशीन निळं झालं. मग ती जोडी लावून दुसरी काढली. संध्याकाळपर्यंत पडद्यावर माझी पानंच राहिली, निळं काही आलं नाही. उरलेल्या निम्म्या मेमरीवर, कासवाच्या गतीने, आम्ही अंक पुरा केला.

इथे थोडं थांबून एक सांगायलाच हवं, कारण मेस्त्रींना त्याचा फार राग होता. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत मेमरीच्या दर आठ बिटांमागे नववा बिट राखणीला असायचा. आठांची बेरीज सम की विषम याची तो नोंद ठेवायचा. एखादा बिट पालटला की हिशेब चुकायचा आणि मशीन 'पॅरिटी' असं सांगून जागच्या जागी थांबायचं. नव्वदीत मशीनं स्वस्त करण्याच्या चढाओढीत बहुतेक पीसींतून हा नववा बिट गेला. मग मेमरी बिघडली तर तसं सांगणारं कुणी उरलं नाही. चुकलेला बिट निमूटपणे पुढे जायचा आणि कुठेतरी लांब, भलत्याच ड्रायव्हरच्या नावावर मशीन पडायचं. शिव्या मात्र विंडोजला. मला वाटतं, त्या काळातल्या विंडोजच्या बदनामीतला बराच वाटा अशा मुक्या पट्ट्यांचा आहे.

बराच, सगळा नव्हे. विंडोज ९५ कच्चं होतंच, आणि ते कच्चेपण जाणूनबुजून पत्करलेलं होतं. डॉसचे जुने प्रोग्राम आणि जुने ड्रायव्हर चालले पाहिजेत, आणि चार एमबी रॅमवर चाललं पाहिजे, अशी अट होती. त्यासाठी व्यवस्थेचे काही कोपरे सगळ्यांना उघडे ठेवावे लागले. त्याच मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्ह कटलर यांच्या गटाने १९९३ मध्ये एनटी आणलं होतं. त्यात प्रोग्रामला गाभ्यापर्यंत पोचायची वाटच ठेवली नव्हती. पण त्याला किमान १२ एमबी लागायचे, आणि रॅमचे तेव्हाचे भाव बघता ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. एनटीचा तो गाभा घरोघरी पोचला एक्सपीबरोबर, २००१ मध्ये.

मी पुण्याला गेल्यावरही सुट्टीत मेस्त्रींकडे फेरी असायची आणि मी त्यांना शहरातल्या बातम्या सांगायचे. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून मायक्रोसॉफ्टचे ख्रिस कापोसेला विंडोज ९८ दाखवत होते. त्यांनी स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा झाला. हे ऐकून सगळे हसायचे. मेस्त्री हसले नाहीत. "स्कॅनर जोडल्याबरोबर ना? मग ड्रायव्हर," म्हणाले आणि लगेच, "पण काय म्हणाला ते कुणी टिपलं का?"

हसले ते दुसऱ्या गोष्टीला. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं तर ते हँग व्हायचं. आतलं घड्याळ मिलिसेकंद मोजतं, ३२ बिटांत ४२९ कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच मोजता येतं, आणि तेवढ्या मिलिसेकंदांचे दिवस होतात ४९.७. ही चूक कंपनीने १९९९ मध्ये जाहीर करून दुरुस्त केली, म्हणजे ९५ बाजारात येऊन चार वर्षं होत आल्यावर. तोवर इतका काळ सलग चालतंय कुणाचं मशीन? मेस्त्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आमच्याकडे ही चूक सापडलीच नसती. मंडळ आहे ना राखायला!" मंडळ म्हणजे वीज मंडळ.

पडद्यावरच्या या ओळी कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबल्यावर निळ्या पडद्यावर जो मजकूर यायचा, तो स्टीव्ह बामर यांनी लिहिलेला, असं मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी सांगितलं आहे. बामर यांना आधीचा मजकूर पटला नाही, मग तूच लिहून दाखव म्हटल्यावर त्यांनी खरंच लिहून पाठवला. पुढे मीही अशी वाक्यं लिहिली, मराठीतही लिहिली. दर वेळी बैठकीत कुणीतरी म्हणतं, आकडे काढून टाका, लोक घाबरतात. विंडोज ८ मध्ये, म्हणजे २०१२ मध्ये, निळ्या पडद्यावर एक उदास चेहरा आला. आता तर बहुतेक ॲप 'काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पाहा' एवढंच सांगतात. त्या बैठकांत मी आकड्यांच्या बाजूने भांडते. खाली, बारीक अक्षरांत, एका ओळीत तरी राहू द्या म्हणते. कधी जिंकते, बहुतेकदा नाही.

मेस्त्रींनी पट्टी शोधली त्याचे पैसे घेतले नव्हते. नवी जोडी मुंबईहून मागवली तिची पावती दिली, वर काही नाही. मालकांनी विचारलं तर म्हणाले, सामान बदललं त्याचे घेतले, वाचायचे पैसे नाहीत. आणि वाचलं कुठे मी, हिने लिहून ठेवलं होतं. पहिला पगार झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय आणू? त्यांनी मागितलं ते असं, एनटीच्या निळ्या पडद्यावर जे स्टॉपचे आकडे येतात त्यांचे अर्थ कुठे छापलेले असतील तर ते. मी ऑफिसात परवानगी काढून ती पानं छापली, एक संच त्यांना पाठवला, एक माझ्याकडे ठेवला. वाटलं, चला, थोडं तरी फिटलं.

पुढच्या पावसाळ्यात ऑफिसच्या नंबरवर त्यांचा फोन आला. "बाय, तुझ्या कागदांत स्टॉप ०ए ला ड्रायव्हर बघा म्हटलंय. इथे एका पतसंस्थेत रॅम बदलली आणि गेला. वहीत सगळं आहे, पत्ते वेगवेगळे. तू तुझ्या कागदावर लिहून घे, मी सांगतो." मी म्हटलं, मेस्त्री, ठेवा, मी करते फोन. पण त्यांनी आकडे सांगायला सुरुवातही केली होती, एकेक, सावकाश, दोनदा. एसटीडीचं मीटर त्यांच्याकडे पळत होतं.