आधीं बाजार, मग बेत

गृहस्थाश्रमांत मनुष्यास जे प्रश्न नित्य सोडवावे लागतात त्यांत सर्वांत लहान दिसणारा, पण कधींच न संपणारा प्रश्न म्हणजे, "आज रात्रीं काय करायचें?" हा होय. मोठे प्रश्न वर्षांतून एखाद्या वेळीं येतात व चार वडील माणसांस विचारून सोडवितां येतात. हा प्रश्न मात्र दिवस कलूं लागला कीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन उभा राहतो, आणि बहुतेक घरांत तो एकट्या गृहिणीच्या वांट्यास येतो. उत्तर देण्यास कोणी पुढें होत नाहीं. तें ताटांत पडल्यावर दोष काढण्यास मात्र सर्वांस वाचा फुटते. या प्रश्नाचें जें उत्तर आमच्या घरांत गेलीं सहा-सात वर्षें चाललें आहे तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एका वाक्यांत तें असें : आधीं बाजार पाहावा, मग आठवड्याचा बेत ठरवावा.

साधारण रीत याच्या उलट आहे. पदार्थ आधीं मनांत येतो, त्याची यादी होते, आणि यादी हातांत घेऊन मनुष्य बाजारास जातो; मग भाव काय असेल तो मुकाट्यानें द्यावा लागतो. पाकशास्त्राचीं पुस्तकेंहि याच क्रमानें जातात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं निघालें, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालीं. या दोन्ही पुस्तकांचें ऋण मराठी घरांवर मोठें आहे. परंतु पुस्तक आधीं पदार्थाचें नांव सांगतें व मग साहित्य सांगतें. तें साहित्य आज बाजारांत दहा रुपयांस आहे कीं ऐंशी रुपयांस आहे, हें पाहण्याचें काम घरच्या माणसाचेंच.

आमच्या घरांत मी, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं सहा माणसें आहेत. मुलगा व सून दोघेंहि नोकरीस जातात. मध्यंतरीं असें होऊं लागलें होतें कीं, रात्रीं प्रत्येकजण आपापल्या वेळीं येई, आपापलें कांहीं तरी खाई, आणि आठवड्यांतून दोन-तीन वेळां बाहेरून डबे येत. पैसा जाई तो जाई. पण सहा माणसांच्या घरांत सहा ताटें एका वेळीं मांडलीं जात नाहींत, याचें दुःख अधिक होतें. एके दिवशीं सूनबाई मला म्हणाली, "अण्णा, मला स्वयंपाकाचा कंटाळा नाहीं हो. पण दिवसभर कचेरींत डोकें चालवून आल्यावर 'आतां काय करूं' याचा विचार पुन्हां करायचा, तो नको वाटतो." हें बोलणें मला अगदीं यथार्थ वाटलें. श्रम हातांचे असतात तसे निर्णयाचेहि असतात. आणि हातांचे श्रम वांटून घेण्याची भाषा आपण करतों, तरी निर्णयाचे श्रम एकीवरच ठेवतों. मी निवृत्त मनुष्य, वेळ हाताशीं. तेव्हां बाजार आणि बेत ही दोन्ही कामें मीं मागून घेतलीं.

जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला. त्यामुळें शेतकऱ्यास शहरांत येऊन स्वतः माल विकणें सुकर झालें, व ठिकठिकाणीं शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरूं लागले. आमच्या जवळचा बाजार गुरुवारीं भरतो, म्हणून आमचा आठवडा गुरुवारीं सुरू होतो. मी पिशव्या घेऊन जातों, पण पहिल्या फेरींत कांहींहि विकत घेत नाहीं. नुसतें पाहतों : ढीग कशाचे मोठे आहेत, एकच भाजी किती जणांनीं आणली आहे, पाला ताजा आहे कीं पाणी मारलेला आहे. जी वस्तु दहांपैकीं सात जणांपाशीं दिसते ती त्या आठवड्याची भाजी, असें खुशाल समजावें. ती स्वस्त असते, ताजी असते, आणि ऋतूची असते.

भाव विचारतांना एक दक्षता ठेवावी. शेर-पायली जाऊन किलो-ग्रॅम येऊन साठ वर्षें होऊन गेलीं, तरी 'पावशेर' आपल्या जिभेवर आहेच, आणि पुष्कळ विक्रेते भाव पाव किलोचाच सांगतात. पंधरा रुपये ऐकून कान सुखावतात. पण ते साठ रुपये किलो झाले, हें मनांत चार पटीनें गुणल्यावांचून कळत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत विक्रीच्या मालावर देखरेख करणारा पण्याध्यक्ष आणि वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष असे दोन निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. घरांत हीं दोन्ही पदें एकाच माणसास सांभाळावीं लागतात, व वेतन मिळत नाहीं.

दुसऱ्या फेरींत खरेदी. येथें भाज्यांचे तीन वर्ग करावे. पालेभाज्या दोन दिवसांत संपल्या पाहिजेत. वांगीं, दोडकीं, मटार, गवार यांचे तीन-चार दिवस. आणि कोबी, लाल भोपळा, सुरण, कांदे, बटाटे यांस आठवडाभर धक्का नाहीं. (कांदे-बटाटे मात्र एका टोपलींत ठेवूं नयेत, दोहोंचीहि नासाडी लवकर होते.) या वर्गवारीवरूनच बेताचा क्रम आपोआप लागतो. पौष महिन्यांतील आमचा एक आठवडा उदाहरणादाखल देतों. गुरुवारीं मेथीची परतून भाजी. शुक्रवारीं पालकाची ताकांतली पातळ भाजी. शनिवारीं मटारची उसळ. रविवारीं वांग्याचें भरीत व बाजरीची भाकरी. सोमवारीं हरभऱ्याची डाळ घालून कोबी. मंगळवारीं लाल भोपळ्याची भाजी व गाजराची कोशिंबीर. आणि बुधवारीं टोपली रिकामी, म्हणून पिठलें-भात. उरलासुरला कोबी थालिपिठांत जातो. बुधवारीं टोपलींत कांहीं कुजलेलें निघालें नाहीं म्हणजे आठवडा साधला असें समजावें. कारण खरी उधळपट्टी महाग घेण्यांत जितकी होते तितकीच घेतलेलें टाकण्यांत होते.

किराण्याचा विचार वेगळा आहे. मोठ्या दुकानांतून सवलतीचे दिवस असतात, 'एकावर एक मोफत' अशा पाट्या असतात. या सवलती सर्वस्वीं खोट्या म्हणणें अन्यायाचें होईल. तूरडाळ, शेंगदाणे, तेल, साबण या टिकाऊ व नित्य लागणाऱ्या वस्तूंवरील सवलत घेतल्यास महिन्याच्या खर्चांत फरक पडतो. परंतु तीन प्रश्न विचारून मगच हात पुढें करावा. ही वस्तु सवलत नसती तरी आपण घेतलीच असती काय? तिची मुदत संपण्याआधीं ती संपेल काय? आणि किलोमागें किंवा लिटरमागें ती खरोखर स्वस्त पडते काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आतां सोपें झालें आहे. २०२२ सालापासून बंद पुड्यांवर एका परिमाणाची किंमतहि छापण्याचा नियम झाला आहे; ती बारीक अक्षरांत असते, म्हणून चष्मा बरोबर न्यावा. मोठा पुडा नेहमींच स्वस्त पडतो ही समजूत या लहान आंकड्यापुढें पुष्कळदां टिकत नाहीं.

कोणी म्हणेल, बाजार पाहून बेत करणें ही नवी काटकसर झाली. तसें नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय सबंध ऋतुचर्येचाच आहे. आणि ग्रंथ बाजूस ठेवले तरी आपलें पंचांग काय सांगतें? आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी करावयाची व पुढें चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगीं वर्ज्य. भाद्रपदांत ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें कांहीं नको, म्हणून परसांतल्या भाज्यांची ऋषीची भाजी. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवून वांगीं पुन्हां सुरू. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगी. त्या दिवशींच्या भाजींत पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगें असें जें जें त्या थंडींत पिकतें तें सगळें पडतें. या आचारांचीं धार्मिक कारणें कांहींहि असोत. हें पंचांग ज्या घरांत पाळलें जाई त्या घरास कोणत्या महिन्यांत काय खावें याचा विचार रोज नव्यानें करावा लागत नसे.

आतां एक गोष्ट, जिच्यावरून आमच्या घरांत अद्याप वाद होतो. आपल्यास जी स्वस्ताई तीच पिकविणाऱ्याची हानि. २०२३ हें एकच वर्ष घ्या. फेब्रुवारींत सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें ५१२ किलो कांदा विकला, आणि खर्च वजा जातां त्याच्या हातीं २ रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी सर्व देशानें वाचली. त्याच वर्षीं जुलैंत टोमॅटो कित्येक शहरांत शंभर रुपये किलोच्या वर गेला, आणि सप्टेंबरांत त्याच टोमॅटोचा भाव इतका उतरला कीं महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्यांनीं तो रस्त्यावर ओतला. मी एकदां अभिमानानें सांगत होतों कीं, मी शेतकऱ्याशीं घासाघीस करीत नाहीं. त्यावर आमचें कुटुंब म्हणालें, "घासाघीस करीत नाहीं म्हणतां, आणि स्वस्त काय तें पाहून घेतां. मग फरक काय उरला?"

या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. वस्तु उदंड आली म्हणून स्वस्त झाली असेल तर ती घेणें म्हणजे पिकविणाऱ्याचा उरणारा माल उचलणें होय. ज्या आठवड्यांत ढीग मोठे असतात त्याच आठवड्यांत आम्ही ती भाजी दोनदां करतों. उलट, दिवस मावळतां शेतकरीणबाईस परतीची गाडी गांठावयाची असते, अशा वेळीं तिच्या अडचणीचा फायदा घेऊन जुडीमागें दोन रुपये तोडणें ही स्वस्ताई नव्हे. म्हणून मी सकाळींच जातों, सांगितला भाव देतों, आणि सुटे पैसे बरोबर नेतों. एका घराच्या टोपलीनें लासलगांवचा भाव हलत नाहीं, हें मला कळतें. कुटुंबाचें समाधान या उत्तरानें पुरतें झालेलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तें व्हावें अशी माझीहि इच्छा नाहीं. स्वस्त भाजी घरीं आणतांना मनांत ही टोंचणी असलेली बरी.

महागाईचाहि एक धडा आहे. २०२३ च्या त्या जुलैंत नातवानें टोमॅटोच्या साराचा हट्ट धरला. आजीनें त्यास आमसुलाचें सार करून दिलें व सांगितलें कीं, टोमॅटो आपल्याकडचा नव्हेच. तो अमेरिका खंडांतून आला, बटाटा व मिरचीहि तिकडूनच आलीं. त्याआधीं आपल्या आमटीस आंबटपणा चिंचेनें व आमसुलानें येत होता, आणि आजहि येतो. मुलानें तोंड वांकडें करून पहिली वाटी संपविली, व दुसरी मागितली. जी वस्तु महाग तिच्यामागें न लागतां तिच्या जागीं काय चालतें हें ठाऊक असणें, ही घराची एक शिल्लकच आहे. बँकेच्या पुस्तकांत ती दिसत नाहीं इतकेंच.

बेताचा कागद गुरुवारीं रात्रीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागतो. त्यांत एक वार मुलांच्या आवडीचा राखून ठेवलेला असतो, नाहीं तर नियमाचा जाच होतो. पण त्या कागदाचा खरा उपयोग मला पुढें कळला. जो आधीं घरीं येईल त्यास काय करावयाचें आहे हें विचारावें लागत नाहीं, म्हणून जो येईल तो काम सुरू करतो. चिरंजीव गाजरें किसतात, नातू मटार सोलतो, नात ताटें मांडते. सूनबाई एखाद्या दिवशीं उशिरां आली तर तिला ताट वाढलेलें मिळतें. खर्चांत जी बचत झाली ती वहींत लिहिलेली आहे आणि ती लहान नाहीं. परंतु बेताचा विचार एका माणसाच्या डोक्यांतून निघून भिंतीवर आला, आणि त्यामुळें साडेआठाच्या सुमारास सहा ताटें एका ओळींत बसूं लागलीं, ही बचत त्याहून मोठी आहे.

ज्या घरांत हें करून पाहावें असें कोणास वाटेल त्यांनीं सबंध महिन्याचा संकल्प सोडूं नये. येत्या बाजाराच्या दिवशीं यादी न करतां जावें, एक फेरी रिकाम्या हातानें घालावी, आणि घरीं आल्यावर आणलेली भाजी सर्वांसमोर मांडून सात वार लिहावे. पुढचें बाजारच शिकवितो.