डबीवरचं नाव, डबीतलं रोप

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मत्स्यालयांच्या दुकानांत एक नवी वनस्पती आली. गडद हिरव्या, ठिसूळ, फाटे फुटलेल्या फितींचा हा पुंजका ‘पेलिया’ या नावाने विकला जाई. खरी पेलिया थंड मुलखातल्या ओहोळाकाठची. ही मात्र उबदार टाकीत जोमाने वाढत होती. शंका तिथेच यायला हवी होती. गॉटिंगेन विद्यापीठातले लिव्हरवर्टचे, म्हणजे मॉससारख्या बिनफुलांच्या वनस्पतींचे, अभ्यासक रॉबर्ट ग्रॅडस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिची खरी ओळख जाहीर केली: मोनोसोलेनियम टेनेरम. भारतात काम केलेल्या विल्यम ग्रिफिथ यांनी तिला हे नाव दिलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये, ते कलकत्त्यात छापलं गेलं. निसर्गात क्वचित सापडणारी ही वनस्पती दुकानांतून मात्र सर्रास विकली जात होती.

पुढची फजिती याहून मोठी. ‘झ्युसवासरटांग’, म्हणजे गोड्या पाण्यातलं शेवाळ, असं जर्मन नाव मिरवणाऱ्या एका वनस्पतीला हौशी मंडळी लिव्हरवर्ट समजत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ते चक्क नेचं निघालं! लोमारिऑप्सिस या नेच्याच्या जीवनचक्रातली चपटी, युग्मकधारी पिढी तेवढी टाकीत वाढत राहिली होती.

तेव्हा डबी घेण्याआधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं.

जगात लिव्हरवर्टच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य चपट्या नसून पानांच्या आहेत. त्यांना मॉस समजून फसणं अगदी सोपं. मॉसची पानं बहुधा दांड्याभोवती सगळीकडून येतात आणि पुष्कळदा त्यांना मधली शीर असते. पानांच्या लिव्हरवर्टला दोन बाजूंना दोन ओळी, खालच्या अंगाला अनेकदा बारीक पानांची तिसरी ओळ आणि शीर नाही. पेशींतले तेलाचे कण ही तर या घराण्याची खास खूण. पण नमुना वाळला की ते बहुतेक नाहीसे होतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ताजाच हवा.

चपट्या जातींत फरक ओळखणं जास्त मजेचं. मार्शँशियाच्या पाठीवर चौकटींची जाळी दिसते आणि प्रत्येक चौकटीत हवेच्या छिद्राचा एक ठिपका. शिवाय इवल्याशा वाट्या असतात. त्यांतल्या हिरव्या टिकल्या पावसाच्या थेंबाने उडून शेजारी रुजतात. ड्यूमॉर्टिएरा गडद, ओलसर, गुळगुळीत; तिच्या अंगावर छिद्रं दिसतच नाहीत. सायथोडियम इतकी पातळ, की गुहेच्या तोंडाशी अंधुक उजेडात पिवळसर हिरवी चमकते. पाऊस सरला की ती दिसेनाशी होते.

ही छाननी केवळ पंडिती हौस नव्हे. रोप कसं वाढवायचं, ते त्यावरच ठरतं. सह्याद्रीत झिरपत्या कातळावर राहणारी ड्यूमॉर्टिएरा बंद काचेच्या बरणीत सुखात असते. उघड्या कुंडीत मार्चअखेर तिचा कागद होतो. प्लॅजिओकाझ्मा नेमकी उलट. ती जुन्या भिंतींवर वाढते, उन्हाळ्यात कडा आत वळवून जांभळट काळी खालची बाजू वर काढते आणि पहिल्या पावसात पुन्हा उलगडते. तिला बारमाही दमट बरणीत कोंडलं, की ती बारीक, फिकट होते आणि मग बुरशी तिचा ताबा घेते. तिला विटेच्या तुकड्यावर ठेवावं आणि उन्हाळ्यात खुशाल वाळू द्यावं.

पाण्याखालची गोष्ट वेगळी. रिक्सिया फ्लुइटन्स मुळात तरंगणारी. जपानचे मत्स्यालय-रचनाकार ताकाशी आमानो यांनी ती दगडावर जाळीने बांधून बुडवली आणि हिरवळीवर ऑक्सिजनचे बुडबुडे चमकू लागले, तेव्हापासून हौशी लोकांना तिने वेड लावलं. पण ते देखणेपण भरपूर उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि सततची छाटणी यांवर उभं आहे. बांधणी सैल झाली की ती आपली वर येऊन तरंगते. नवख्याने मोनोसोलेनियमपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती आपोआप तळाशी बसते आणि उजेडही कमी मागते.

बाकी गरजा साध्या. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. क्षारांचं पाणी वापरलं की कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर चढतो. थेट ऊन नको. पुण्यामुंबईच्या एप्रिलमध्ये खिडकीत ठेवलेली बंद बरणी तासाभरात रोप शिजवते. खत जवळपास नकोच.

आणि रोपांसाठी आंबोली-महाबळेश्वरचे कातळ खरवडू नयेत. पुष्कळ रोपवाटिकांत कुंड्यांवर मार्शँशिया तण म्हणून माजते आणि माळी ती खरवडून फेकतात. तीच मागून घ्यावी, ओल्या कुंचल्याने वाटीतल्या टिकल्या उचलून भिजवलेल्या विटेवर टेकवाव्यात आणि वर काच झाकावी. सोबतच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख लिहावी. नावाची जागा भिंगाखाली खात्री होईपर्यंत कोरी ठेवावी.