रात्रीचें परतूर

दिवा निवडणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं, हें गेल्या दिवाळीपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हतें. अंधार असेल तेथें दिवा लावावा आणि पुरेसें दिसूं लागलें म्हणजे स्वस्थ बसावें, एवढीच आमची समजूत. ती आमच्या परतूरच्या घराच्या माडीवर, एका आठ फूट लांबीच्या फळीपुढें पार मोडून पडली.

या फळीवर आमच्या थोरल्या चुलत्यांनीं, म्हणजे साऱ्या घराच्या अप्पांनीं, नोकरींतून मोकळे झाल्यावर परतूरचें जुनें स्टेशन उभें केलें आहे. जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या या मार्गावर निजामी अमलांत, १९०० च्या सुमारास, मीटर गेजची आगगाडी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते रूळ जाऊन रुंद रूळ आले. अप्पांचें स्टेशन त्यांच्या बालपणचें, म्हणून अर्थातच मीटर गेजचें. प्रत्येक वस्तु मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी. रुळांमधील एक मीटरचें अंतर तेथें साडेअकरा मिलिमीटर होतें, आणि बाजारांत मिळणारे बारा मिलिमीटरचे रूळ त्याला चालून जातात. साडेपांच फुटांचा हमाल दोन सेंटिमीटरसुद्धां भरत नाहीं.

सर्व कांहीं झालें होतें. दिवे तेवढे राहिले होते. इतक्यांत अप्पांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचें कळलें. गेलेली दृष्टि परत यावयाची नाहीं, उरलेली औषधानें सांभाळावयाची, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. हा रोग बहुधा कडेकडेनें नजर खात येतो. अप्पांना समोरचें वर्तुळ तेवढें दिसे. त्याबाहेरचें नाहींसें होत चाललें होतें. ते माडीवर जाईनासे झाले. तेव्हां दिवाळीपूर्वीं दिवे बसवावयाचेच, असें मुलांनीं ठरविलें. घाई होती, ती कशाची, हें मात्र कोणीच बोलत नव्हतें.

कारभार आम्हीं आपल्याकडे घेतला. अधू डोळ्यांना अधिक उजेड हवा, हा आमचा सरळ हिशेब. पांढऱ्याशुभ्र एल्. ई. डी. दिव्यांची लांबलचक पट्टी आणून ती फळीच्या वर बसविली. भाऊबीजेच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारें घर माडीवर जमलें. बटण दाबतांच स्टेशन लखलखलें. मुलांनीं टाळ्या पिटल्या. अप्पा वांकले, कपाळावर हाताचा आडोसा केला आणि बराच वेळ पाहून म्हणाले,

“स्टेशन दिसतंय रे. पण ही वेळ कुठली?”

आम्हांला उत्तर देतां येईना. तो दिवस नव्हता, कारण कशाची सांवलीच पडत नव्हती. आणि रात्र तर नव्हतीच. अप्पा भिंतीला हात लावीत खालीं उतरले. काकू कांहीं न बोलतां त्यांच्यामागून गेल्या.

त्यानंतर आम्हीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तें आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. पण आमचे डोळे गाड्यांमागें धांवत राहिले, दिव्यांकडे लक्ष गेलेंच नाहीं. आतां कळूं लागलें, कीं उजेडालाही रंग असतो आणि तो केल्विनच्या आंकड्यांत मोजतात. रॉकेलच्या ज्योतीचा रंग १९०० च्या आसपास, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या. आमची पट्टी ६५०० ची! कंदिलांच्या काळांतल्या स्टेशनावर आम्हीं दुपारचें आभाळ आणून ठेविलें होतें.

याहून गंमत सिग्नलची. जुन्या सिग्नलांत जी कांच हिरवी म्हणून ओळखली जाई, ती मुळांत निळसर असे. रॉकेलची पिवळी ज्योत मागें असली म्हणजे ती हिरवी दिसे. तसल्याच निळसर कांचेमागें आम्हीं पांढरा दिवा लाविला, आणि आमचा सिग्नल निळा पडला!

ज्यांच्या घरीं मुलांनीं अशी गाडी मांडली असेल, त्यांच्यासाठीं आणखी थोडें सांगतों. पूर्वीं या कामीं गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढे बल्ब वापरीत. पण ते तापतात आणि प्लॅस्टिकचें छप्पर वितळवितात. एल्. ई. डी. फारसा तापत नाहीं. मात्र त्याच्या तारा उलट जोडल्या तर तो पेटत नाहीं. बारा व्होल्टांवर हजार ओहमचा रेझिस्टर घातला तर तो ठळक लागतो. दहा हजारांचा घातला म्हणजे कंदिलासारखा मंद होतो. घरांच्या भिंती आंतून काळ्या रंगवाव्या, नाहींतर उजेड भिंतींतून पाझरतो आणि स्टेशन आकाशकंदिलासारखें दिसूं लागतें.

परंतु खरी गोष्ट पुस्तकांत सांपडली नाहीं. जें पहिल्याच दिवशीं करावयाचें, तें आम्हीं शेवटीं केलें: अप्पांना विचारलें. तिन्हीसांजेला लॅम्पमन कोणत्या क्रमानें दिवे लावी, तें त्यांनीं डोळे मिटून सांगितलें. आधीं जालन्याकडचा सिग्नल, मग सेलूकडचा; मग मास्तरांची खोली, नांवाच्या पाटीजवळचा कंदील, आणि फलाटाच्या दोन टोकांना दोन.

“आणि मधें?” आमच्या धाकट्या पुतणीनें विचारलें.

“मधें काळोख. माणसं त्यातूनच यायची नि त्यातच जायची.”

पट्टी आम्हीं काढून टाकिली. पिवळसर रंगाचे सहा दिवे आणिले, प्रत्येकाला निराळें बटण दिलें. सातवा तांबडा दिवा गाडीच्या शेवटच्या डब्यामागें, बटणाएवढ्या बॅटरीवर. अप्पांना एका वेळीं तळहाताएवढेंच दिसतें. म्हणून दिवेही एका वेळीं एकच लागावा, ही युक्ति पुतणीची.

त्या रात्रीं माडी अंधारी केली. अप्पा नांवें घेत गेले, पुतणी बटणें दाबीत गेली, आणि अप्पांची नजर काळोखांतून एकेका ठिपक्यावर जाऊन टेकूं लागली. अखेर सेलूकडून गाडी आली आणि स्टेशनांतून पुढें निघाली. शेवटच्या डब्यामागचा तांबडा दिवा दिसला, तरच गाडी पुरी आली, वाटेंत एखादा डबा सुटून राहिला नाहीं, असें रेल्वेचे लोक रात्रीं समजत. तो दिवा अप्पांच्या समोरून सावकाश गेला.

“पुरी आली,” ते म्हणाले.

काकूंनीं पदर डोळ्यांना लाविला.

गेल्या महिन्यांतील तपासणींत अप्पांचें वर्तुळ आणखी थोडें लहान झालेलें निघालें. ती सहा बटणें आतां ते स्वतःच दाबतात, चांचपून, क्रम न चुकतां. मुलें आसपास बसलेलीं असतात, आणि शेवटचा तांबडा दिवा दिसला कीं नाहीं, तें तीं त्यांना सांगतात.