माड किती उंच?

आमच्या सोसायटीतला एक माड वाळला. तो पाडायचे ठरले. पाडणाऱ्याने फुटावर दर सांगितला आणि उंची काढायचे काम खजिनदाराकडे, म्हणजे माझ्याकडे आले. बँकेतल्या माणसाला जगातले सगळे आकडे येतात, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मी पडलो बी.कॉम. टॅन म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, एवढीच माझी त्रिकोणमिती!

पण चिरंजीव दहावीत आहेत. "बाबा, सोप्पंय! अंतर गुणिले टॅन!" म्हणत त्यांनी कोनमापकाला दोरा बांधून खोडरबर लटकवला. बुंध्यापासून ३० फुटांवरून मी शेंडा पाहिला. कोन ४५ अंश. चिरंजिवांच्या पायथनमधल्या प्रोग्रॅमने उत्तर दिले, ४८.६. त्यात जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतचे ५ फूट मिळवले. एकूण ५३.६.

पाडणारा नुसता वर बघून म्हणाला, "पस्तीस असंल, सायेब."

"अहो, कॉम्प्युटर सांगतोय!" मी ठणकावले. तो कमी मागत होता आणि मी खजिनदार त्याला साडेअठरा फुटांचे जादा पैसे घ्या म्हणून भांडत होतो!

"पुन्हा एकदा मोजा की," गॅलरीतून सौ. म्हणाली.

मी ५२ फुटांवर गेलो. कोन ३० अंश. उत्तर आले, वजा ३३३! म्हणजे माडाचा शेंडा थेट पाताळात. वजा रक्कम दिसली की बँकेतला माणूस झोपेतूनही जागा होतो.

रात्री उलगडा झाला. पायथनचा टॅन कोन अंशांत घेतच नाही, रेडियनमध्ये घेतो. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश. आमचे ४५ अंश त्याने ४५ रेडियन समजून घेतले आणि बिचारा वर्तुळाला सात प्रदक्षिणा घालून आठवीला लागला. डॉलर रुपयांच्या रकान्यात लिहिले, दुसरे काय! अंशांना आधी पायने गुणून १८० ने भागायचे. तसे केल्यावर टॅन आला १. ३० अधिक ५, पस्तीस.

वजा ३३३ ही चूक प्रामाणिक, दारातच ओरडली. ५३.६ मात्र इस्त्रीचे कपडे घालून आली होती. तिच्या व्हाउचरवर मी डोळे मिटून सही केली असती.

पाडणाऱ्याला ३५ फुटांचे पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले. दोनदा.