नववा अध्याय, बत्तिसावा श्लोक

गेल्या गीता जयंतीला आम्ही चौघीजणी लोणावळ्याहून सकाळच्या लोकलने पुण्याला गेलो. पिशव्यांत छोट्या गीता, वर श्लोक आणि खाली मराठी अर्थ. विद्यापीठात मुलांना वाटायच्या असं ठरलं होतं. खरं सांगायचं तर मला फारसा उत्साह नव्हता. जन्मभर शाळेत शिकवलं, पण अनोळखी माणसाच्या हातात पुस्तक द्यायचं म्हणजे साबण विकल्यासारखं वाटतं.

जयकर ग्रंथालयाबाहेर झाडाखाली उभ्या राहिलो. काहींनी गीता घेऊन नमस्कार केला, काही "नको आजी" म्हणून पुढे गेले. एक मुलगी मात्र तिथेच बसून चाळायला लागली. मला बरं वाटलं. दहा मिनिटांनी ती पुस्तक उघडं धरून आली.

"आजी, हे वाचलंय का तुम्ही?"

नववा अध्याय, बत्तिसावा श्लोक. माझा आश्रय घेतला तर स्त्रिया, वैश्य, शूद्र, पापयोनीत जन्मलेलेसुद्धा परम गतीला जातात. नववा अध्याय मला लग्नाआधीपासून पाठ आहे. पन्नास वर्षं म्हणते आहे, पण इथे कधी अडखळले नाही. उच्चार चुकू नये, एवढंच लक्ष!

"यात आपण दोघी कुठल्या रांगेत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अगं, दार उघडलंय ना!"

"म्हणजे आधी बंद होतं."

मग मी बाईंच्या सवयीने गोष्ट सांगायला लागले. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, म्हणून त्यांनी 1930-31 मध्ये गीताई लिहिली. "मग आईंनी वाचली?" नाही. आई 1918 मध्येच गेल्या होत्या. हे सांगताना माझाच आवाज उतरला. तिने निघताना फोन नंबर दिला.

घरी येऊन ज्ञानेश्वरी काढली. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, त्यांतल्या एकाने 1290 मध्ये या श्लोकावर काय लिहिलंय? ओढे-ओहोळ गंगेला मिळेपर्यंतच वेगळे. खैर आणि चंदन हा भेद लाकडं आगीत पडेपर्यंतच. लोणावळ्यात हे वेगळं समजवावं लागत नाही. पावसाळ्यात कुरवंड्याच्या डोंगरावरून किती ओहोळ उतरतात! पुढे सगळी इंद्रायणीच, देहू-आळंदीला जाणारी. रात्री साडेनऊ वाजले होते, तरी मी तिला फोन केला.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "छान आहे, आजी. पण नदीला मिळेपर्यंत ओहोळाचं काय?"

मी म्हटलं, बघून सांगते. अजून बघतेच आहे. ती रविवारी इकडे येणार आहे, तिची प्रत घेऊन. त्यात पेन्सिलीने आणखी बऱ्याच खुणा केल्यात म्हणे.