सतरा तुकड्यांचे पुस्तक

मुलांनो, पुस्तक फाडू नये, हे तुमच्या शिक्षकांनी तुम्हांला अनेकदा सांगितले असेल. मीही माझ्या वर्गात हेच सांगतो. तरी एक पुस्तक मी स्वतः फाडले आहे. ते का फाडले आणि पुढे काय झाले, ते तुम्हांला सांगतो.

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोहल्ल्यांतली बालवाचनालये तुम्ही कदाचित पाहिली असतील. 2021 च्या जानेवारीत, कोरोनामुळे शाळा बंद असताना, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने बायजीपुऱ्यात असे पहिले वाचनालय सुरू केले. वडिलांनी दिलेली पुस्तके तिने आजूबाजूच्या मुलांना वाचायला दिली. पुढे शहरातल्या अनेक मोहल्ल्यांत तशी वाचनालये निघाली. त्यांचे पाहून आमच्या गल्लीतही आम्ही एक लहानसे वाचनालय उघडले. एका शेजाऱ्याने पुढची खोली दिली. दोन लोखंडी कपाटे, एक सतरंजी आणि लोकांनी दिलेली पुस्तके, एवढेच आमचे भांडवल. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तिथे बसत असे.

उर्दू पुस्तके भराभर जात. मराठी पुस्तके मात्र नव्यासारखी कोरी राहत. कारण तुम्हांला ठाऊक आहे. मराठी म्हणजे परीक्षेचा विषय. पास होण्यापुरते गुण पडले की सुटलो! परीक्षेशिवाय कोणी मराठी वाचते, ही गोष्टच मुलांना पटत नसे. मी पुष्कळ समजावले. समजावून कोणी पुस्तक उघडत नाही, हे मला फार उशिरा समजले.

त्या सुमारास माझ्या वाचनात हॅरी पॉटरविषयी काही माहिती आली. हा जादूगार मुलगा तुम्ही चित्रपटात पाहिला असेल. जे. के. रोलिंग या बाईंनी त्याची गोष्ट सात पुस्तकांत लिहिली आहे. पहिले पुस्तक इंग्लंडमध्ये 1997 साली निघाले, तेव्हा पक्क्या बांधणीच्या फक्त 500 प्रती छापल्या होत्या. त्यांपैकी सुमारे 300 प्रती वाचनालयांत गेल्या. म्हणजे पुढे जगभर गाजलेली ही गोष्ट पहिल्यांदा ज्या मुलांनी वाचली, त्यांतल्या पुष्कळांनी ती आपल्यासारखीच, परत करण्याच्या बोलीवर वाचली! 5 फेब्रुवारी 2015 रोजी तिथल्या प्रकाशकांनी 'हॅरी पॉटर बुक नाइट' सुरू केली. त्या दिवशी शाळांत आणि वाचनालयांत मुले जादूगाराचे झगे घालून जमत, कोडी सोडवत, गोष्टीतली पाने मोठ्याने वाचत. कुठे कुठे गोष्टीतल्याप्रमाणे मुलांचे चार गटही पाडत. हे शेवटचे मला काही रुचले नाही. शाळेत हुशार आणि ढ असे गट आधीच कमी असतात का?

पण वाचण्याची कल्पना मला आवडली. आमच्याकडे पहिल्या भागाचा मराठी अनुवाद होता, 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस म्हणजे उर्दूतला पारस. अडचण एकच होती. प्रत एक आणि मुले सतरा. मी सहज अनुक्रमणिका उघडली, तर प्रकरणेही सतराच!

मी ते पुस्तक शहागंजच्या बाजूला एका बाइंडरकडे नेले. मला काय हवे आहे, ते ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सर, लोगां किताब जोडने को लाते, तुम तोडने को लाए." पहिला धागा मीच कापला. मग त्याने प्रत्येक प्रकरण वेगळे शिवून, वर जाड पुठ्ठा लावून दिले.

आमचा नियम सोपा होता. प्रत्येकाने एक प्रकरण घरी न्यायचे, वाचायचे आणि आपली पाळी आली की सर्वांना मराठीत सांगायचे. शब्द अडला तर उर्दू शब्द वापरावा, ऐकणाऱ्यांनी त्याचा मराठी शब्द सांगावा. एका रविवारी दोन-तीन प्रकरणे होत.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. नववे प्रकरण ज्याच्याकडे होते, त्याला तीन डोक्यांचा कुत्रा सापडला. तो कशावर पहारा देतो, हे मात्र त्याच्या प्रकरणात नव्हते. ते पुढच्या कोणाकडे तरी होते. मग नळावर, रस्त्यात, मदरशाच्या दारात सौदे सुरू झाले. "तू मला तुझे दे, मी तुला माझे एक रात्र देतो." मराठीचे पान कोणी उसने मागत आहे, हे दृश्य मी आधी कधी पाहिले नव्हते.

घरी माझ्या आईला मी हॅरीचा अंगरखा सांगितला. तो पांघरला की माणूस दिसेनासा होतो. आई हसून म्हणाली, "यात नवल ते काय? अमर अय्यारची गिलीम तशीच होती." तिचे म्हणणे खरे आहे. दास्तान-ए-अमीर हमज़ामधल्या या अय्याराची गिलीम, म्हणजे कांबळे, आणि सारी दुनिया मावेल अशी ज़ंबील तुम्ही आजीकडून ऐकली असेल. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती दास्तान 46 खंडांत छापली होती. रविवारी मुलांना हे सांगितले, तेव्हा ती खूश झाली. जणू हॅरी लांबचा नातेवाईक निघाला!

अकरा प्रकरणे सुरळीत झाली. बारावे अडले.

ते आठवीतल्या एका मुलीकडे होते. मराठीच्या तासाला ती कधी तोंड उघडत नसे. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "वाचून झाले नाही." दुसऱ्या रविवारी म्हणाली, "घरी राहिले." तिसऱ्या रविवारी काहीच बोलली नाही, नुसती खाली बघत राहिली. मुले कुरकुरू लागली. मला वाटले, हिने प्रकरण हरवले. मी सर्वांसमोर रागावलो, "तुझ्या एकटीमुळे सगळ्यांची गोष्ट अडली आहे. ते आणेपर्यंत तुला दुसरे पुस्तक मिळणार नाही."

चौथ्या रविवारी ती आली. हातात प्रकरण होते आणि एक वही होती. सतरंजीवर बसून तिने सांगायला सुरुवात केली. हॅरीला तो अंगरखा कसा भेट मिळाला, तो पांघरून तो रात्री वाचनालयात कसा शिरला, मग एका रिकाम्या खोलीत त्याला एक मोठा आरसा कसा दिसला, हे तिने सावकाश, पण सरळ मराठीत सांगितले. त्या आरशात हॅरीला त्याचे मेलेले आईवडील दिसतात. तो पुन्हा पुन्हा रात्री जाऊन आरशासमोर बसतो. इथे एका ठिकाणी ती "आरसा" ऐवजी "आईना" म्हणाली. मराठी शब्द सर्वांना येत होता. पण कोणी मध्ये बोलले नाही.

तिचे वडील 2021 मध्ये कोरोनाने गेले होते. शाळेच्या नोंदवहीत मी ते स्वतःच्या हाताने लिहिले होते.

गोष्ट संपल्यावर मी वही उघडली. बारावे प्रकरण तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून काढले होते.

"सर, परत द्यावे लागणार होते ना," ती म्हणाली.

सर्वांसमोर रागावलो होतो, म्हणून सर्वांसमोर तिची माफी मागितली. ती लाजली. मग वही पुढे करून म्हणाली, "शुद्धलेखन तपासून द्या." पहिल्याच पानावर अकरा चुका होत्या. मी त्या पेन्सिलीने दाखवल्या. नंतर तिने त्या शाईने नीट केल्या.

पुढच्या रविवारी तेराव्या प्रकरणाची पाळी होती. ते ज्याच्याकडे होते, तो मुलगा तयारी करून आला होता. पण मुलांनी त्याला थांबवले आणि बारावे पुन्हा एकदा सांगायला लावले.